उतारावरच्या बायका

१२ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद, खुशाली, सगळं लिहिलंय असं धरून चाल. मला वेळ नाही आणि तुलाही नसेल. फोन करत नाही, कारण तू उचलणार नाहीस. उचललास तर मी ओरडेन आणि मग तू ठेवून देशील. चिठ्ठीत कितीही ओरडलं तरी ऐकू जात नाही, तेवढाच फायदा. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे. नाक मुरडत वाच, पण वाच.

आपल्या धुलाईच्या कारखान्यात एक फोटोवाली आली आहे, तिच्याबद्दल सांगायचं आहे. बाकी काही नाही. जाऊबाईंना माझी आठवण आली असं डोक्यात घेऊ नकोस.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, तपासणीवाली आहे. मुकादमाने सगळ्यांना घाईघाईने एप्रन बांधायला लावले आणि गळक्या नळाखालची बादली स्वतःच्या टेबलाखाली लपवली. बाई तिशीतली, केस कापलेले, बूट मळलेले. दाराजवळच्या चादरींच्या गठ्ठ्यावर येऊन बसली ती बसूनच राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. कॅमेरा पिशवीत. आठवडा असाच गेला. चिमणीच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत आहे. ती म्हणाली, "बाई, फोटो काढायला आलात की नजर लावायला?"

ती म्हणाली, "आधी नजर लागते, मग फोटो निघतो."

उत्तर मला आवडलं. पण तोंडावर दाखवलं नाही.

मग एका संध्याकाळी तिने सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलं. आपल्याच गठ्ठ्यातली एक पांढरी चादर भिंतीला ताणून लावली होती. म्हणाली, एप्रन काढा, घरच्या कपड्यांत या, एकेक जण चादरीपुढे उभ्या राहा. हसू नका, सजू नका, काही करू नका. आता काही करू नका म्हटलं की माणसाला नेमकं काहीतरी करावंसं वाटतं. आजीने पदर सारखा केला. चिमणीने ओठ आवळले. मी पोट आत घेतलं, खोटं कशाला बोलू. फोटोवाली नुसती बघत थांबली. किती थांबते ग! जेवायला वाढलेलं ताट समोर ठेवून एवढं कोणी थांबणार नाही. शेवटी मी वैतागले, म्हटलं, "काढ की बाई एकदाचा!" आणि त्याच क्षणाला तिने काढला.

काही दिवसांनी ती फोटो घेऊन आली आणि इस्त्रीच्या टेबलावर ओळीने मांडले. आम्ही सातजणी. मी बघितलं आणि म्हटलं, "पोरी, कॅमेरा वाकडा धरलास. सगळ्या पडायला आल्यात."

चिमणी म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, तसं आहे बाईंचं."

दुसरी कोणी असती तर रागावली असती. हिने पिशवीतून गवंड्याकडे असते ती पाणसळ काढली. लाकडी पट्टी, पट्टीत काचेची नळी, नळीत बुडबुडा. आधी अंगणात ठेवली. बुडबुडा मधोमध. कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवली. मधोमध. मग आत आणून आपल्या टेबलापाशी, जिथे आम्ही उभ्या राहतो तिथे, फरशीवर ठेवली. बुडबुडा सरसर उजवीकडे पळाला.

ती हळू म्हणाली, "काकू, कॅमेरा सरळ आहे."

अग, पाणी डावीकडच्या नालीत जातं हे आम्हाला माहीत नव्हतं का? रोज फरशी आम्हीच धुतो. पण जमीन उतरती आहे आणि तिच्यावर आपण उभ्या आहोत, ह्या दोन गोष्टी डोक्यात कधी शेजारी बसल्याच नाहीत. आता बघ तू. उताराकडचा डावा पाय खांबासारखा ताठ. चढाकडचा उजवा गुडघा मोडलेला. त्यामुळे टेबलाशी आम्ही अगदी सरळ दिसतो. सपाट जागेवर आणून उभ्या केल्या, की सगळ्या उजव्या अंगाला कललेल्या.

आजी आपला फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे हे आयुष्यभर मला 'नीट उभी राहा' म्हणायचे ते खरं होतं तर. मी उगाच भांडले."

हसून हसून वाफेच्या नळीला हात लागला माझा. पोळला. बरा आहे.

पण हसणं संपल्यावर मी ते फोटो पुन्हा बघितले. एकीचं नाक दुसरीसारखं नाही, रंग नाही, वय नाही, कपडे तर मुळीच नाहीत. आणि तरी सातही एका आईच्या पोटच्या वाटतात. एवढी वर्षं ह्या बायकांबरोबर राबले, मला कधी दिसलं नाही. तिने गठ्ठ्यावर बसून बघितलं. मानलं बाईला.

एवढंच सांगायचं होतं.

तुझी जाऊ


२ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते.

फोटोवालीने तिचं आधीचं काम दाखवलं. एका गावातले बसचालक, सगळ्यांचा खिडकीकडचा हात रापलेला, दुसरा गोरा, असे ओळीने वीस हात. कचेरीतले कारकून, सगळ्यांची मान एकाच बाजूला, कारण त्या खोलीत दिवा एकाच बाजूला आहे. एका इमारतीचे पहारेकरी होते, भिंतीला पाठ लावून लावून त्यांच्या सदऱ्यांचा रंगच भिंतीसारखा झालेला. माणूस कुठला आणि भिंत कुठली, बोट लावून शोधावं लागतं. मी म्हटलं, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला." तिने ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि म्हणाली, "मला हे सांगायला इतके फोटो काढावे लागले, काकू."

मी म्हटलं, "बोलणं सोपं असतं. तू दाखवलंस." तोंडातून निघून गेलं. मी असं कुणाला म्हणत नाही, तुला माहीत आहे.

आता कामाचं. ती आमचे फोटो माणसाएवढे मोठे करून शहरातल्या एका मोठ्या खोलीत लावणार आहे. परवा ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेली, तिथे वाफेच्या नळीच्या खांबाला एक लोखंडी हुक आहे. विचारलं, "हा कशाला?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. जणू मीच हुक आहे.

मग मला सांगावं लागलं. की टेबलाच्या पलीकडे नळीमुळे जागा नाही, एकच बारीक बाई मावते. की मोठी चादर एकटीने घडी होत नाही, समोरून कोपरे धरायला माणूस लागतं. की तिथे माझी धाकटी जाऊ उभी राहायची, अकरा वर्षं. ती झटकायची, मी ओढायचे, ती वाकून कोपरे माझ्या हातात द्यायची. डोळे मिटून चालायचं आमचं. तोंडं मात्र चालू. सासूबाईंपासून मुकादमापर्यंत कोणाला सोडलं नाही आम्ही. मग तिच्या नवऱ्याला दूरची नोकरी लागली, ती गेली, आणि तिच्या जागी हा हुक ठोकला.

फोटोवाली म्हणाली, "दुसरी बाई नाही मिळाली?"

चिमणी पचकली, "मिळत होती. मुकादम द्यायला तयार होता. ह्यांनीच नको म्हटलं."

चिमणीला मी नंतर सुनावलं. हुक बरा पडतो, म्हणून नको म्हटलं. त्यात दुसरं काही नाही.

तर फोटोवालीला तू हवी आहेस. म्हणते, आठवी नसेल तर ओळ अपुरी. तिकडे तुझ्या घरी येऊन काढेल, तुला इकडे यायला नको. माझं तोंड बघायला नको. भाऊजींना विचारायचं तर विचार, पण ते कशाला नाही म्हणतील?

तू गेलीस त्याचा राग मला नव्हता. माणसं जातात. पण सामान चढवलेल्या गाडीपाशी, सगळ्या बायकांसमोर, तू म्हणालीस, "जाऊबाई, मला तुमच्यासारखं व्हायचं नाही." तुमच्यासारखं! चार वर्षं मी चादरी घड्या करताना विचार करतेय, की आमच्यासारखं म्हणजे कसं? काय वाईट आहे आमच्यात? आता फोटोत दिसलं, कसं ते. तुला वाटलं असेल तसं नाही. बघण्यासारखं आहे.

तुझा निळा कप फुटला. चिमणीने फोडला. म्हणजे मी तो कोणाला वापरायला नको म्हणून फळीवर उंच ठेवला होता, तिचा धक्का लागला.

कळव.

तुझी जाऊ


१९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "मी आता त्या कामातली नाही. माझा फोटो नको." वर "ती. जाऊबाईंस सा. न." सा. न.! नमस्कारसुद्धा पुरा लिहवला नाही तुला. तू आठवी पास आहेस ना?

फोटोवालीला सांगितलं. ती रागावली नाही, ही बाई रागावतच नाही, मला त्याचाच राग येतो. म्हणाली, "मग तिची जागा रिकामी ठेवीन." मी म्हटलं, "ठेवू नकोस. रिकाम्या जागेला लगेच कोणीतरी हुक ठोकतं."

घरी तुझे मोठे भाऊजी म्हणाले, "कशाला मागे लागतेस? नाही तर नाही." मी म्हटलं, "तुम्ही भावाशी दर रविवारी तास तास बोलता, तेव्हा मी काही म्हणते का?" ते माझा फोटो बघत म्हणाले, "ओट्याशी पण तू अशीच उभी असतेस." मी म्हटलं, "काहीतरीच." आणि खाली बघितलं तर उजवा गुडघा मोडलेला. स्वतःच्या घरात, सपाट फरशीवर! लाज वाटायला हवी होती. मला हसू आलं. ते म्हणाले, "मला वाटायचं, तू घाईत असतेस म्हणून अशी उभी राहतेस. कुठल्याही क्षणी निघून जाशील अशी." लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे आता सांगतात.

अजून एक गंमत. आपण जगाला दिसणार म्हणून मुकादमाला शरम वाटली. त्याने एका सकाळी आमच्या पायांखाली फळ्या टाकून जमीन सपाट केली. मोठा उपकार केल्यासारखं तोंड करून उभा. दुपारपर्यंत चिमणीने उशीचे दोन अभ्रे जाळले, मी टेबलाच्या कडेवर कोपर आपटलं, आणि आजी तर भिंतीला धरून बसली, म्हणाली, "मला बोटीत बसवलंय का रे?" सगळ्यांची इस्त्री एकाच बाजूला घसरत होती. संध्याकाळी फळ्या आम्हीच उचलून अंगणात फेकल्या. फोटोवालीने त्या फळ्यांचा पण फोटो काढला.

तर तू म्हणतेस, त्या कामातली नाहीस. चार वर्षं औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभी आहेस, सपाट जमीन, पंखा डोक्यावर. ठीक आहे. तुला वाटतं, गाडीत बसलीस आणि सुटलीस. एकच कर. तुझ्या घरात मोठा आरसा आहे, भाऊजींनी सांगितलं. सकाळी कोणी उठायच्या आत त्याच्यासमोर उभी राहा. पोट आत घेऊ नकोस. केस सारखे करू नकोस. वैताग येईपर्यंत थांब. मग पायांकडे बघ.

सरळ उभी असलीस तर मला कार्ड टाक, "सरळ" एवढाच शब्द लिही. मी पुन्हा लिहिणार नाही. चादरीची शपथ, आपण जशी घ्यायचो तशी.

तुझी जाऊ


२४ मार्च

धाकटे,

महिना झाला, कार्ड आलं नाही. "सरळ" असंही नाही. मी रोज टपालवाल्याला बघून तोंड फिरवत होते, वाट बघतेय असं त्याला वाटायला नको म्हणून. आणि तू गुपचूप त्या बाईला फोन केलास, घरी बोलावलंस, चहा पाजलास, फोटो काढून घेतलास, आणि मला कळवायचं नाही असं दोघींनी ठरवलंत. साळसूद कुठल्या! गेल्या आठवड्यात तिच्या तोंडून निघालं, तेव्हा तिच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

काल तिने आम्हाला त्या मोठ्या खोलीत नेलं. लोकांसाठी उघडायच्या आदल्या दिवशी, आधी आम्हाला. गोदामासारखी लांब खोली, पांढऱ्या भिंती, आणि एका भिंतीवर आम्ही सातजणी, माणसाएवढ्या, पाय जमिनीला टेकलेल्या. पहिल्यांदा मला माझी भीतीच वाटली. एवढी मोठी मी कधी नव्हते. मग भीती गेली आणि काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. आजीच्या हातावरची शीर न् शीर दिसते. चिमणीच्या डोळ्यांत, ती बोलायच्या आधी येतं ना, ते सगळं आहे. हिने आम्हाला सुंदर केलेलं नाही. एक सुरकुती पुसली नाही. तरी मी माझ्यापुढे उभी राहिले आणि मनात आलं, ही बाई कोण आहे, हिच्याशी ओळख करून घ्यायला हवी.

आठवा फोटो भिंतीला लावलेला नव्हता. कागदात गुंडाळून खोलीच्या मधोमध टेकवून ठेवला होता. तिने कागद काढला.

तू जाड झालीस. बरं झालं.

चिमणी ओरडली, "अगं बाई, ही उलटी छापलीस!"

खरंच. आमचा उजवा गुडघा मोडलेला, तुझा डावा. आम्ही उजव्या अंगाला, तू डाव्या. आजी चष्मा सावरत जवळ गेली, म्हणाली, "उलटी नाही छापली. तीळ बरोबर गालाला आहे."

फोटोवाली माझ्याकडे वळली. "काकू, कुठे लावू हिला?"

मी बघत राहिले. आणि मला आपलं टेबल दिसलं, ग. आमच्या डाव्या हाताला नाली. तू समोर उभी, तोंड आमच्याकडे. तुझ्या उजव्या हाताला नाली. उतार एकच. तुला तो उलटा लागला, एवढंच.

माझ्या फोटोच्या बरोब्बर समोरच्या भिंतीकडे बोट केलं. ती हसली. तिथे खिळा आधीच ठोकलेला होता. तिला माहीत होतं! माझ्याकडून काढून घ्यायचं होतं फक्त. अशी लबाड आणि अशी गुणी बाई मी दुसरी बघितली नाही.

फोटो चढवला. मग ती म्हणाली, "आता मधे उभ्या राहा." उभी राहिले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तू, दोघीही दाराच्या दिशेला कललेल्या. शपथेवर सांगते, जमीन उतरती वाटायला लागली. सपाट खोली, पाणसळ लावून बघ, बुडबुडा मधोमध, आणि पाय आपोआप उतार शोधतात. आज लोक आले तेव्हा मी कोपऱ्यात उभी राहून बघितलं. कडक कपड्यातली, शिकलेली, सुगंधी माणसं. तुझ्यामाझ्या मधे आली की बोलता बोलता प्रत्येकाचा एक गुडघा वाकायचा. त्यांना पत्ता नाही. मी चिमणीला कोपर मारलं, तिने आजीला. तिघी तोंडाला रुमाल लावून हसलो. कोट घातलेला एक म्हातारा तर मला विचारतो, "इथली फरशी खचलीय का हो?" मी म्हटलं, "नाही, तुम्ही आमच्या कारखान्यात आलात."

तुझ्याकडचं तिने फार सांगितलं नाही. मीच खोदून विचारलं. म्हणाली, मागे लावायला चादर तूच कपाटातून काढलीस, आणि ती आपल्या पद्धतीने घडी केलेली होती, काठ आत. फोटो झाल्यावर तू चादर झटकलीस आणि दोन कोपरे हातात धरून तिच्याकडे बघत उभी राहिलीस. तिला कळेना. मग तिने समोरचे कोपरे धरले आणि चुकीचे ओढले, तर तू म्हणालीस, "जाऊबाई अशा ओढत नाहीत."

हे ऐकून मी तिला म्हटलं, मला जरा काम आहे, आणि बाहेर जाऊन उभी राहिले. काम काही नव्हतं.

धाकटे, तू म्हणाली होतीस, तुमच्यासारखं व्हायचं नाही. नाही झालीस. त्या खोलीत सगळ्यांना दिसतं आहे. आम्ही सातजणी एकसारख्या आणि तू बरोब्बर उलटी. चार वर्षं मला त्याचा राग होता, आणि डोक्यात हे आलं नाही, की समोर कोणीतरी उलटं उभं असल्याशिवाय चादरीची घडी होत नाही.

फोटो पुढचा महिनाभर आहेत. एक रविवार काढून ये. भाऊजींना आण, नाहीतर नको आणूस. मोठे फोटो बघ, आजीला भेट, कारखान्यात ये. कामावर परत ये असं म्हणत नाही. हुकाचं चांगलं चाललं आहे. तो खाडे करत नाही, चहा मागत नाही, सासूबाईंबद्दल वेडंवाकडं बोलत नाही.

एकच खोड आहे त्याला. उलट उत्तर देत नाही.

तुझ्या समोरची,
जाऊ